ब्लूटूथ हेडफोन वायरने कीबोर्डला लावले तर आवाज पोकळ का येतोय?

पांढरी_चार

नमस्कार, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आम्ही कोथरूडला राहतो, भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यांच्याकडे तान्हं बाळ, त्यामुळे रात्री कीबोर्डचा स्पीकर चालू ठेवायची सोयच नाही आणि मी ऑफिसातून घरी येऊन जेवणंखाणं आवरेपर्यंत साडेनऊ होतात, म्हणजे रियाज व्हायचा तो रात्रीच. माझ्याकडे कानावर बसणारे मोठे ब्लूटूथ हेडफोन आहेत, नॉइज कॅन्सलिंगवाले, आवाज मस्त आहे, म्हटलं हेच वापरू.

कीबोर्डवर ब्लूटूथचं चिन्ह आहे पण त्याला हेडफोन सापडतच नाहीत. मग मैत्रिणीकडचा एक छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर आणून हेडफोनच्या जॅकमध्ये लावून बघितला, आवाज आला पण पट्टी आधी दाबली जाते आणि सूर मागून येतो. विलंबितात कसंबसं निभतं पण अलंकार दुगुनीत घेतले की सगळं विस्कटतं, मला माझाच हात ओळखीचा वाटेनासा होतो.

मग वायरचा विचार केला. हेडफोनला खाली ३.५ मिलिमीटरचं भोक आहे, बॉक्समधली वायर घर बदलताना कुठे गेली ते सापडत नाहीये, म्हणून गाडीतली ऑक्सची वायर आणली आणि कीबोर्डचा जॅक मोठा आहे म्हणून मध्ये कन्व्हर्टर. हेडफोन बंद ठेवून वाजवलं तर पियानोचा टोन येतो पण पोकळ, डब्यातून आल्यासारखा, आणि साधा ऑर्गनचा टोन लावला तर जवळजवळ ऐकूच येत नाही!! नवऱ्याच्या जुन्या फोनला अजून जॅक आहे, त्यावर कन्व्हर्टर न लावता गाणं लावून बघितलं तर गाणारीचा आवाज गायब, नुसता घुमारा आणि कडेकडेची वाद्यं. हेडफोनपाशी वायर दाबून धरली की क्षणभर नीट येतं आणि परत जातं. हेडफोन चालू केले तर वरून बारीक भुणभुण.

हेडफोनचा जॅक गेलाय का? की ब्लूटूथवाले हेडफोन वायरने असेच वाजतात? आणि वायरने लॅग खरंच जातो का? नवीन वायरवाले हेडफोन घ्यायच्या आधी विचारतेय कारण हे चांगले हजारोंचे आहेत.

पेठेतला_वायरमन

ताई जॅक वगैरे काही गेलेला नाही, पिन आत पूर्ण बसत नाहीये. गाणारीचा आवाज गायब आणि घुमारा शिल्लक म्हणजे ग्राउंड सुटलंय, शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं. पिनेचं टोक डावा कान, मधलं कडं उजवा कान, आणि मागचा भाग ग्राउंड म्हणजे परतीची तार, जी दोघांना कॉमन. पिन अर्धवट राहिली की आतल्या पट्ट्या भलत्याच कड्यावर टेकतात, ग्राउंड सुटलं की दोन्ही कानांत फक्त डाव्या उजव्यातला फरक वाजतो. गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बरोबर मध्ये ठेवलेला असतो म्हणजे दोन्हीकडे सारखा, सारख्यातून सारखं वजा केलं तर शून्य. रिव्हर्ब म्हणजे घुमारा दोन्हीकडे वेगवेगळा असतो म्हणून तो उरतो. तुमचा ऑर्गनचा टोन मोनो म्हणजे दोन्हीकडे सारखा असणार म्हणून तो गेला आणि पियानो स्टिरिओ म्हणून पोकळ का होईना राहिला.

आता कारण बघा. या मोठ्या हेडफोनचं भोक बऱ्याचदा कपाच्या प्लास्टिकमध्ये थोडं खोल असतं, आणि गाडीच्या ऑक्स वायरीचं डोकं जाड रबराचं. रबर कपाच्या कडेला अडतं आणि पिन दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहते. उजेडात धरून बघा, पिनेची चमक बाहेर दिसत असेल तर तेच. दाबून बसवू नका, आतली पट्टी वाकली की मग खरंच जॅक जाईल. काही लोक ब्लेडने रबर तासतात, मला ते पटत नाही, बारीक डोक्याची वायर मिळते ती घ्या.

अजून एक, पिनेवर काळी वर्तुळं किती आहेत मोजा. एक असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ, तीन म्हणजे माइकवाली. तुम्हाला दोनवाली पाहिजे, दोन्ही टोकांना. आणि कन्व्हर्टरवर पण दोनच पाहिजेत, मोनो कन्व्हर्टर लागला तर आवाज नीट येणार नाही आणि कीबोर्डचा उजवा चॅनल ग्राउंडला शॉर्ट होत राहील, ते बरं नव्हे.

कर्वेनगर_साउंड

वायरमनदादांनी पोकळ आवाजाचं अगदी बरोबर सांगितलंय, मी लॅगचं आणि बाकीचं सांगतो. मी छोट्या मैफिलींना, शाळांच्या गॅदरिंगला साउंड लावतो, आणि हा प्रश्न हल्ली शिकणाऱ्या मुलांकडून सारखा येतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कीबोर्डचं ब्लूटूथ. बहुतेक कीबोर्डांवरचं ब्लूटूथ आत येणाऱ्या आवाजासाठी असतं, म्हणजे फोनवरचं गाणं कीबोर्डच्या स्पीकरवर वाजवायला, किंवा अ‍ॅपला मिडी (कोणती पट्टी दाबली त्याची नुसती माहिती, आवाज नाही) जोडायला. कीबोर्डचा आवाज बाहेर हेडफोनला पाठवायची सोय फार थोड्या मॉडेलांत असते. तुमचे हेडफोन सापडत नाहीत त्यात तुमच्या हेडफोनचा काही दोष नाही.

लॅग का येतो तर ब्लूटूथमध्ये आवाज आधी डिजिटल होतो, मग कोडेकमध्ये (आवाज दाबायची ठरावीक पद्धत) दाबून बारीक होतो, पॅकेट करून जातो, पलीकडे हेडफोन थोडा साठा करून मग उलगडतो म्हणजे मध्ये एखादं पॅकेट हुकलं तरी आवाज तुटत नाही. नेहमीच्या एसबीसी कोडेकवर हे सगळं मिळून साधारण १५० ते २५० मिलिसेकंद. आता हिशोब करा, द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांचा धरला तर एक मात्रा पाव सेकंदाची म्हणजे २५० मिलिसेकंद. म्हणजे तुम्ही सम गाठलीत तर कानाला ती जवळजवळ पुढच्या मात्रेला ऐकू येणार! कुणाचाही हात बिघडेल, आणि सवय झाली तर ते जास्त वाईट, कारण माणूस नकळत आधी दाबायला लागतो. तुमची लय चांगली आहे म्हणून तुम्हाला ते खुपलं. यूट्यूबवर हे जाणवत नाही कारण फोन चित्र तेवढंच मागे खेचतो, वाद्याला मागे खेचायला काही नसतं. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी नावाचा कोडेक होता तो लॅग ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणतो पण ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांतही तो हवा, आणि तसे हेडफोन कमी आहेत, त्याच्या मागे लागू नका.

वायर लावली की ही सगळी भानगड संपते, पण इथे एक मेख आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. वायर लावली म्हणजे आवाज सरळ ड्रायव्हरपर्यंत (कपातल्या छोट्या स्पीकरपर्यंत) गेला असं प्रत्येक हेडफोनमध्ये होत नाही. काही हेडफोन बंद असताना वायरने सरळ वाजतात, आत फक्त ड्रायव्हर, साध्या हेडफोनसारखं, बॅटरी संपलेली असली तरी चालतं आणि लॅग शून्य. तेच हेडफोन चालू केले की आवाज आतल्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो, नॉइज कॅन्सलिंग चालतं, कंपनीने केलेलं इक्वलायझिंग लागतं. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ च्या स्पेकमध्ये हे चक्क लिहिलेलं आहे, वायरने लावून चालू असताना इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) ४८ ओहम, बंद असताना १६ ओहम, म्हणजे एकाच हेडफोनची दोन रूपं. म्हणून बंद ठेवून वाजवले की पुष्कळ ब्लूटूथ हेडफोन जरा मंद, बासला सैल वाटतात, तो बिघाड नाही, ड्रायव्हर तसाच बनवलेला असतो आणि सुधारणा आतल्या चिपवर सोडलेली असते.

आणि काही हेडफोन असे आहेत की बंद असताना वायरने वाजतच नाहीत. अ‍ॅपलचे एअरपॉड्स मॅक्स बघा, २०२० च्या मॉडेलला लायटनिंग आणि २०२४ च्याला टाइप-सी, साधं ३.५ चं भोकच नाही, अ‍ॅनालॉग आवाज आधी वायरीतच डिजिटल करून आत घ्यावा लागतो आणि बॅटरी लागतेच.

ताई तुम्ही असं करा. चांगली वायर आली की हेडफोन बंद ठेवून एखादा तुटक टोन लावा, मारिंबा किंवा नुसता पियानो, आणि अलंकार वाजवा. मग चालू करून तेच वाजवा. चालू असताना मागे पडल्यासारखं वाटलं तर तुमच्या हेडफोनमध्ये वायरचा आवाजही चिपमधून फिरून येतो, मग रियाजाला बंदच ठेवा. फरक जाणवला नाही तर खुशाल चालू ठेवा, आवाज भरीव येईल.

भुणभुणीचं आधी पिन नीट बसल्यावर बघा, बहुतेक तिथेच जाईल.

हिंजवडी_शटल

वरचा रिप्लाय सेव्ह करून ठेवलाय. एक भर घालतो, वायर विकत घेताना हेडफोनकडची बाजू ३.५ च आहे ना हे आधी बघा. सगळ्यांची नसते. बोसच्या क्यूसी३५ ला हेडफोनच्या बाजूला २.५ मिलिमीटरची पिन लागते आणि दुसऱ्या टोकाला ३.५, नुसती डोळ्याने बघून फरक पटकन कळत नाही. आणि खूप स्वस्त मॉडेल्सना तर भोकच नसतं, फक्त चार्जिंगचं टाइप-सी. त्या टाइप-सी मधून आवाज जाईल असं गृहीत धरू नका, बऱ्याच हेडफोनमध्ये ते फक्त चार्जिंगला असतं, काहींमध्ये (बीट्स स्टुडिओ प्रो वगैरे) यूएसबी ऑडिओ चालतो. बॉक्सवर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच खरं.

फोनला जॅक नसेल तर टाइप-सी ते ३.५ चा डोंगल लागतो, तो डॅकवाला घ्या, म्हणजे ज्याच्यात स्वतःची चिप आहे. नुसत्या तारा जोडलेला डोंगल काही फोनवर चालतो आणि काहींवर मुकाच राहतो.

बाणेर_आजोबा_टीव्ही

विषयाला धरूनच आहे म्हणून इथेच विचारतो. आजोबांना कमी ऐकू येतं, टीव्ही एवढा मोठा लागतो की बाकीच्यांना घरात बोलता येत नाही. त्यांना ब्लूटूथ हेडफोन दिले, टीव्हीला जोडले, तर बातम्या सांगणाऱ्याचे ओठ आधी हलतात आणि आवाज नंतर, आजोबा वैतागून काढून ठेवतात. टीव्हीला हेडफोनचं भोक नाही. वायरने काही होईल का?

कर्वेनगर_साउंड

होईल. टीव्हीच्या मागे ऑप्टिकल आउट बघा, चौकोनी छोटं भोक, आत लाल उजेड दिसतो. ऑप्टिकल ते अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर मिळतो, त्याला ३.५ चं आउट असलेला घ्या आणि त्यातून लांब वायर काढून हेडफोनला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउट पीसीएम वर ठेवा, नाहीतर कन्व्हर्टरला डॉल्बीचा सिग्नल कळत नाही आणि आवाजच येत नाही. व्हॉल्यूम टीव्हीच्या रिमोटने बहुतेक कमीजास्त होणार नाही कारण ऑप्टिकलवर तो ठरावीकच जातो, म्हणून कन्व्हर्टरलाच व्हॉल्यूमचं बटण असलेला बघा. आणि वायर खुर्चीच्या मागून, भिंतीकडेने टेप लावून घ्या, आजोबा उठताना पायात अडकता कामा नये, ते सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं करायच्या आधी सेटिंगमध्ये ऑडिओ डिले किंवा लिप सिंक असं काही आहे का तेही बघा, काही टीव्हींमध्ये त्यानेच भागतं.

पेठेतला_वायरमन

वायर आणि कन्व्हर्टर दोन्ही बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल. तिथे ३.५ वगैरे म्हणण्यापेक्षा ईपी स्टिरिओ म्हणा आणि मोठ्या पिनेला पी-३८ स्टिरिओ. म्हणजे ताईंना पाहिजे "ईपी टू ईपी स्टिरिओ, बारीक डोक्याची" आणि "ईपी फीमेल टू पी-३८ मेल स्टिरिओ". किंवा सरळ एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ अशी एकच वायर बनवून घ्या, कन्व्हर्टरचं वजन जॅकवर लोंबकळत नाही, ते कधीही चांगलं. दोन-अडीच मीटर पुरे. हेडफोन बरोबर घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा, फोनवर गाणं लावून गायकाचा आवाज बरोबर मधोमध येतोय ना ते ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी गल्लीत नेऊ नका, मंडईच्या पार्किंगला लावा आणि चालत जा.

पांढरी_चार

किती किती धन्यवाद सगळ्यांना!! उजेडात धरून बघितलं तर खरंच पिनेची चमक बाहेर दिसतेय, रबर अडतंय. शनिवारी जाते गल्लीत. एकच अजून, माझा रविवारी ऑनलाइन क्लास असतो, लॅपटॉपवर. तिथे ब्लूटूथने लावले की बाईंचा आवाज एकदम टेलिफोनसारखा येतो, तंबोरा तर कळतच नाही. वायरने लावले तर बाईंना माझा आवाज जाईल का, हेडफोनला माइक आहे.

हिंजवडी_शटल

दिवसभर कॉलवरच असतो त्यामुळे हे मला पाठ आहे 🙂 ब्लूटूथवर हेडफोनचा माइक चालू झाला की कनेक्शन गाण्याच्या प्रोफाइलवरून फोनकॉलच्या प्रोफाइलवर जातं, एकाच वेळी दोन्हीकडे आवाज न्यायचा म्हणून दोन्ही बारीक होतात, स्टिरिओचा मोनो होतो आणि वरचे सूर छाटले जातात, चांगल्या मोडमध्येसुद्धा बहुतेक वेळा ८ किलोहर्ट्झच्या वरचं काही येत नाही. तंबोऱ्याच्या जवारीची झणझण अशा वरच्या सुरांवर असते, ती मार खाणारच.

वायर लावली की बाईंचा आवाज पूर्ण येईल पण बहुतेक हेडफोनमध्ये वायर लावल्यावर त्यांचा स्वतःचा माइक बंद होतो, दोन वर्तुळांच्या पिनेतून माइकला रस्ताच नसतो. काळजी नको, मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर हेडफोन ठेवा आणि माइक लॅपटॉपचाच निवडा. हेडफोनमुळे आवाज परत माइकमध्ये जात नाही, गाण्याच्या क्लासला हे फार बरं पडतं. झूम असेल तर ऑडिओ सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड चालू करा, नाहीतर झूमला सलग लागलेला सूर पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि तो दाबून टाकतो. तुमचा लांबवलेला षड्ज बाईंना मध्येच तुटल्यासारखा ऐकू येत असेल तर ते यामुळे, तुमच्या दमसासामुळे नाही.

आणि लॅपटॉप चार्जिंगला असताना हेडफोनमध्ये घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. गेला तर अर्थिंगचा प्रश्न, क्लासपुरता बॅटरीवर चालवा.

पांढरी_चार

अपडेट देते. वायरमनदादांनी सांगितली तशी एका टोकाला ईपी आणि दुसऱ्याला पी-३८ अशी वायर बनवून घेतली, दुकानदाराने समोर बसून सोल्डर करून दिली, आणि लावताक्षणी गाणारी परत मध्ये आली! ऑर्गनचा टोन पण. भुणभुण गेली. हेडफोन बंद ठेवून आणि चालू ठेवून दोन्ही बघितलं, चालू असताना मला तरी मागे पडल्यासारखं वाटत नाही आणि खर्जातले सूर खूप भरीव येतात, बंद असताना जरा बसल्यासारखे. काल भैरवचे पलटे चौगुनीत घेतले, प्रत्येक सूर बोटाखालीच वाजत होता, फार फार आनंद झाला. स्पीकर आपोआप बंद होतो हे तर सोन्याहून पिवळं.

आता शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. तंबोरा आणि तबला मी फोनवरच्या अ‍ॅपवर लावते. कानात हेडफोन आहेत, मग तो कसा ऐकायचा? एक कान उघडा ठेवून फोन बाजूला ठेवते सध्या, पण मग शेजाऱ्यांचा प्रश्न परत आला.

कर्वेनगर_साउंड

वा, छान झालं. कीबोर्डच्या मागे ऑक्स इन आहे का बघा. असेल तर फोनमधून ईपी टू ईपी वायर तिथे लावा, तंबोरा कीबोर्डच्या आवाजात मिसळून हेडफोनमध्ये येईल. नसेल तर तुमच्या कीबोर्डवरचं ते ब्लूटूथ नुसतं मिडीचं नसून आवाज घेणारं असेल तर इथे कामाला येईल, फोन त्याला जोडा. आता तुम्ही म्हणाल तिथे परत लॅग आला, तर इथे तो त्रास देत नाही, कारण तुम्ही वाजवणार ते कानात जो ठेका येतोय त्याच्यावर. ठेका फोनमधून निघायला उशीर झाला तरी तुमच्या कानाला तोच खरा ठेका, आणि तुमचे सूर तर वायरने लगेच येतायत. लॅग नडतो तो फक्त तुमचा हात आणि तुमच्याच सुराच्या मध्ये आला तर.

वायर लावताना-काढताना कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, पिन सरकताना जो टॉक् आवाज येतो तो कानात फार मोठा असतो. तंबोरा अगदी हळू ठेवा, आपल्या सुराच्या मागे कळेल न कळेल इतका. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, आणि रात्री शांततेत त्याच्या खूप खाली सहज भागतं. नॉइज कॅन्सलिंग घरात नको असेल तर अ‍ॅपमधून तेवढंच बंद करता येतं का बघा, बॅटरी वाचेल. आणि पुढे कधी बंद ठेवूनच वाजवायची सवय लागली तरी दोन-तीन महिन्यांतून एकदा चार्ज करत जा, लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी पडून राहिली की खराब होते.

पेठेतला_वायरमन

आणि फोन फ्लाइट मोडवर टाका ताई, ब्लूटूथ नंतर वेगळं चालू करता येतं. नाहीतर भैरव रंगात आलेला असताना सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज थेट कानात वाजेल. तिथल्या पी-३८ पिनेचं झाकण फिरकीचं आहे, ढिलं झालं तर हाताने आवळत जा, ते सुटलं की आतल्या सोल्डरवर ताण येतो.

बाणेर_आजोबा_टीव्ही

साउंडदादा, आमच्या टीव्हीत लिप सिंकचं सेटिंग नव्हतं पण ऑप्टिकल सापडलं. कन्व्हर्टर लावला, पीसीएम केलं, व्हॉल्यूमचं बटण असलेलाच घेतला. ओठ आणि आवाज आता बरोबर. आजोबांनी साडेसातच्या बातम्या पूर्ण बघितल्या.